क्रॉसओव्हर कार्डं: चित्र बघून डेक लावणाऱ्यांच्या चुका

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर ‘अरे, पण हे त्याच पाकिटातून निघालंय ना!’ ऐकू आलं की समजायचं, पुन्हा कुणीतरी नुसतं चित्र पाहिलंय.

‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमवरचा कार्डांचा सेट 13 जून 2025 ला आला. युनिव्हर्सेस बियाँडमधला (म्हणजे दुसऱ्यांच्या कथा-पात्रांवरच्या कार्डांचा), स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडचे सेट चालतात त्या स्पर्धाप्रकारात, म्हणजे फॉरमॅटमध्ये) चालणारा हा पहिला सेट. गोम अशी की त्या एका नावाखाली तीन वेगळे कोड फिरतात. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दुसरी ओळ वाचा. ‘एफआयएन’ म्हणजे मुख्य सेट, तो स्टँडर्डला चालतो. ‘एफआयसी’ म्हणजे कमांडर या वेगळ्या फॉरमॅटसाठीच्या तयार डेकांचा. ‘एफसीए’ म्हणजे जुन्याच कार्डांना चढवलेलं नवं चित्र. मूळ कार्ड ज्या फॉरमॅटमध्ये चालतं तिथेच हेही चालणार, नव्या पाकिटात आलं म्हणून त्याला जादा हक्क मिळत नाही.

फसगत नेहमी एकाच वाटेने होते. प्रीरिलीजला (सेट बाजारात येण्याआधीच्या स्पर्धेला) सहा पाकिटं फोडली, त्यात छानसं एफसीए निघालं, दिवसभर खेळलं, कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? तिथे सील्ड खेळतात, म्हणजे पाकिटातून निघालेल्या कार्डांचाच डेक, आणि त्यात निघेल ते चालतं. पुढच्या आठवड्यात त्याच कार्डाच्या चार प्रती विकत घेऊन स्वारी स्टँडर्डला हजर. दुकानातल्या साध्या स्पर्धेत जज (पंच) समजावून कार्डं बदलायला लावतो. स्पर्धात्मक पातळीवर डेक लिस्टमध्ये सापडलं तर गेम लॉस, म्हणजे एक डाव हरल्याची शिक्षा. आणि पैसे गेले ते वेगळेच. फायनल फँटसीतल्या क्लाउड या पात्राचंही तेच: ‘क्लाउड, मिडगार मर्सिनरी’ एफआयएन, म्हणून स्टँडर्डला चालतो. ‘क्लाउड, एक्स-सोल्जर’ एफआयसी, म्हणून नाही. तलवार दोघांकडेही आहे.

सवय लावायची ती अशी: कार्डांना स्लीव्ह (प्लास्टिकचं कव्हर) घालताना प्रत्येक कार्डाचा डावा कोपरा वाचायचा, साठच्या साठ, शिवाय साइडबोर्डची (डावांमध्ये अदलाबदलीसाठी ठेवलेली) पंधरा. पाच-दहा मिनिटं लागतात. वेगळा कोड दिसला की नाव स्क्रायफॉल या कार्ड-शोध संकेतस्थळावर टाकून वैधतेचा तक्ता बघायचा. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं तेच पहिल्या फेरीत जजला हाक मारताना दिसतात.

दुसरी चूक नावाची. 2020 च्या ‘इकोरिया’ सेटमधलं ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स’ हे ‘झिलोर्था, स्ट्रेंग्थ इन्कार्नेट’च आहे, खरं नाव शीर्षकाखालच्या बारीक पट्टीत छापलेलं असतं. कमांडरमध्ये सहसा प्रत्येक कार्डाची एकच प्रत चालते, तिथे दोन्ही ठेवलीत तर एकाच कार्डाच्या दोन प्रती झाल्या, डेक बाद. ‘वॉकिंग डेड’ मालिकेवरच्या कार्डांमधला रिक आणि नंतर आलेला ‘ग्रेमंड, अव्हासिन्स स्टॉलवर्ट’ हेही एकच कार्ड.

बंदी यादी न बघता महागडं कार्ड घेऊ नका. ‘द वन रिंग’ 2023 मध्ये थेट मॉडर्नमध्ये (जुने सेटही चालतात त्या फॉरमॅटमध्ये) आलं आणि डिसेंबर 2024 मध्ये तिथे बंद झालं.

एका कार्डासाठी आख्खा बॉक्स फोडू नका. सुटं कार्ड घ्या.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात फॉइल, म्हणजे चकाकती कार्डं, वळतात. मागचा कागद ओल पिऊन फुगतो, वरचा प्लास्टिकचा थर फुगत नाही, म्हणून कडा चित्राच्या बाजूला उचलल्या जातात. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि रोज उघडून बघा. जास्त वाळलं तर कार्ड उलट्या बाजूला वाकतं. इस्त्री फिरवणारेही भेटतात. त्यांना काय सांगायचं!