आईच्या देशाकडून खेळायचे असेल तर

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली मुलगी लग्नानंतर परदेशी स्थायिक होते, तिची लेक तिकडच्या क्लबात फुटबॉल खेळू लागते आणि एके दिवशी आजोळी फोन करून विचारते, "मामा, मला भारताकडून खेळता येईल का?" माझ्या भाचीने हे विचारले तेव्हा मी तिला ठामपणे सांगितले की येईल, परंतु आधी कोणते काम करायचे आणि नंतर कोणते, हे नीट समजून घे.

प्रथम ती आजवर कोणत्या देशाकडून कोणते सामने खेळली आहे, हे लिहून काढावे. मैत्रीपूर्ण सामन्यांनी खेळाडू त्या देशाशी बांधली जात नाही, अधिकृत स्पर्धेतील सामन्याने मात्र बांधली जाते. कुमार गटातील असे सामने २१ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीचे असतील, तर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत संघ बदलण्याची वाट राहते. वरिष्ठ संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने खेळलेल्यांना २०२० साली जी सवलत मिळाली, तिच्यासाठी पहिल्या सामन्याच्या वेळीच नव्या देशाचे नागरिकत्व असावे लागते, आणि आपल्या मुलींजवळ ते बहुधा नसते. म्हणून तिकडच्या वरिष्ठ संघाचे बोलावणे आले, तर होकार देण्यापूर्वी घरात शांतपणे बोलावे.

दुसरा प्रश्न पासपोर्टचा, आणि खरी परीक्षा येथेच आहे. फुटबॉलपटू सरिना बोल्डेन कॅलिफोर्नियात जन्मली. तिची आई फिलिपिनो. २०२३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध तिने फिलिपिन्सचा विश्वचषकातील पहिला गोल केला. फिलिपिन्सला दुहेरी नागरिकत्व मान्य आहे, भारताला नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो. वडील भारतीय आणि आई जपानी असलेल्या अराता इझुमी यांनी जपानचे नागरिकत्व सोडले, तेव्हाच ते २०१३ मध्ये भारताकडून खेळू शकले. आई किंवा वडील पूर्वी भारताचे नागरिक असतील, तर सज्ञान मुलीला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र अर्जापूर्वीचे १२ महिने तिचे वास्तव्य भारतात असावे लागते. जन्मदेशाचे नागरिकत्व सोडण्याचा निर्णय मुलीने स्वतः घ्यावा. आजोळच्या मायेने तिच्यावर भार टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

आता आजोळच्या माणसांचे काम. आई भारतात जन्मली, हे फिफापुढे कागदाने सिद्ध करावे लागते. आमच्या ताईचा गुजरातीतला जन्मदाखला हाती आला, तेव्हा त्यात आमच्या वडिलांचे नाव होते, तारीख होती आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता, कारण बारशानंतर नाव नोंदवायला कोणी गेलेच नव्हते. त्यातच लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे, अशी स्थिती होती. अशा वेळी जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाहनोंदणी, आईचा पासपोर्ट आणि मुलीचा जन्मदाखला अशी साखळी जुळवावी, आणि प्रत्येक कागदावरचे किमान एक नाव पुढच्या कागदावर सापडते की नाही, हे पडताळावे. नाव बदलल्याचे राजपत्र काढले असेल, तर तेही जोडावे. कोऱ्या रकान्यासाठी महानगरपालिकेच्या जन्मनोंदणी विभागात लवकर अर्ज करावा आणि गुजराती दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

संघ बदलायचा असल्यास फिफाकडे अर्ज खेळाडूला स्वतः करता येत नाही. तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघामार्फतच जातो, आणि महासंघ तिचा खेळ पाहिल्याशिवाय तो पुढे पाठवील, अशी अपेक्षा ठेवू नये. म्हणून वास्तव्याचे ते वर्ष बडोद्याच्या घरी नुसते बसून न काढता इंडियन विमेन्स लीगमधील एखाद्या क्लबाकडून खेळण्याचा प्रयत्न करावा. नागरिकत्व मिळेपर्यंत ती तेथे परदेशी खेळाडू म्हणूनच गणली जाईल, त्यामुळे क्लबाशी बोलणी हंगामाच्या बरीच आधी सुरू करावीत.