जुन्या दफनभूमीत काय पाहाल?

जुन्या दफनभूमीत गेलात की नावं वाचण्याआधी कबरींची दिशा पाहा. ख्रिस्ती परंपरेत मृताचे पाय बहुधा पूर्वेकडे असतात; मुस्लिम कबरीत देह उजव्या कुशीवर, चेहरा मक्केतल्या काबाकडे. त्यामुळे एकाच आवारात रांगांचे कोन बदललेले दिसू शकतात. ज्यू थडग्यांवर फुलांऐवजी लहान खडे आढळतील. कुणीतरी आठवणीनं येऊन गेल्याची ती खूण असते, कृपया उचलू नका.

अक्षरं झिजली असतील तर खडू किंवा पीठ चोळू नका, त्यानं दगड खराब होतो. त्यापेक्षा टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ समांतर धरा. पुसट कोरीव अक्षरंही उठून दिसतात. अंत्यविधी चालू असेल तर फोटो अजिबात काढू नका.