‘ब्रेकपॉइंट’ला दुसरी संधी देताय? मग या चुका टाळा

सेल लागला की दर वेळी तेच होतं. कुणीतरी ‘घोस्ट रिकॉन ब्रेकपॉइंट’ हा व्हिडिओ गेम स्वस्तात घेतं, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून जुनी डिस्क उचलतं. शनिवारी रात्री दोन-तीन तास खेळतं आणि रविवारी सकाळी मला मेसेज येतो: ‘तू म्हणालास म्हणून घेतला, पण हा तर तेव्हा होता तसाच आहे.’ मी एकच विचारतो, सेटिंगमध्ये जाऊन काय काय बदललंस? उत्तर ठरलेलं असतं: ‘काही नाही, सरळ सुरू केला.’

हा गेम मला मनापासून आवडतो. म्हणून लोक त्याला पुन्हा संधी देतात आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात, हे बघवत नाही. आधी थोडा इतिहास. ४ ऑक्टोबर २०१९ ला गेम आला तेव्हा त्यावर झालेली टीका रास्तच होती. याच मालिकेतल्या, बोलिव्हियात घडणाऱ्या आधीच्या ‘वाइल्डलँड्स’मध्ये तीन साथीदार सोबत असायचे, इथे ते काढून टाकले होते. प्रत्येक बुटाला, हातमोज्याला आकडा लावून लुटीचा बाजार मांडला होता. वर पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंचं दुकान आणि बग होतेच. त्याच महिन्यात गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टने विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं स्वतःच सांगितलं आणि पुढचे काही गेम लांबणीवर टाकले. मग २४ मार्च २०२० च्या अपडेटमध्ये ‘घोस्ट एक्सपिरियन्स’ आलं, म्हणजे खेळाचे नियम आपल्या आवडीने चालू-बंद करायची सोय, आणि जुलै २०२० मध्ये साथीदार परत आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ऑपरेशन मदरलँड’ ही नवी मोहीम आली. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता नवीन काही येणार नाही. म्हणजे गेम जो काय व्हायचा तो झालेला आहे. आणखी पॅचची वाट बघत बसू नका.

जुन्या सेव्हवर ‘कंटिन्यू’ दाबणं

सगळ्यात मोठी चूक हीच.

आमच्या ऑफिसात मुलुंडहून येणारा एक मुलगा आहे. गेम आला त्याच महिन्यात त्याने घेतला होता आणि अर्ध्यावर सोडला होता. मागच्या पावसाळ्यात त्याला म्हटलं, परत बघ. आठवडाभराने म्हणाला, काही फरक नाही. एका शनिवारी त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, खेळ, मी नुसता बघतो. त्याने जुना सेव्ह उघडला. एका बेसवर पोहोचला, दोन-तीन पहारेकरी टिपले आणि मग प्रत्येक खोलीत जाऊन पेट्या उघडायला लागला. जॅकेट मिळालं, घालून बघितलं. आधीच्या जॅकेटपेक्षा आकडा दोनने जास्त, म्हणून ठेवलं. टोपी मिळाली, तिचा आकडा कमी, म्हणून मोडीत काढली. बाहेर अलार्म वाजतोय आणि हा बुटांची तुलना करतोय. हे अर्धा तास चाललं. त्याने खेळलेला गेम २०१९ चाच होता, कारण त्यातला एकही स्विच त्याने हलवला नव्हता.

मी कंट्रोलर मागून घेतला. सेटिंगमधल्या ‘घोस्ट एक्सपिरियन्स’ विभागात गेलो आणि गिअर लेव्हल, म्हणजे हे आकडे, बंद केली. एवढं केलं की कपडे फक्त कपडे राहतात आणि बंदूक तिच्या स्वतःच्या गुणांवर चालते. त्याला पुढचा बेस दाखवला आणि सांगितलं, दहा मिनिटं गोळी झाडायची नाही. ड्रोन वर पाठव, पहारे कसे फिरतात ते बघ, टॉवरवरचा स्नायपर कुणाला दिसतो ते बघ. मग उतर. तो उतरला. एकही पेटी उघडली नाही आणि अलार्मही वाजला नाही. बेस रिकामा झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हा गेम वेगळाच आहे रे.’ गेम तोच होता, आकडे गेले होते.

आकड्यांबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. हेल्मेट नसलेला माणूस डोक्यात एक गोळी लागली की पडतो, तुमच्या बंदुकीचा आकडा काहीही असो. सुरुवातीपासून हे असंच आहे. म्हणजे ज्या आकड्यांच्या मागे लोक तास घालवत होते, त्यांचा माणसांशी लढताना फारसा उपयोगच नव्हता. हे कळल्यावरही काही जण गिअर लेव्हल चालू ठेवतात, ‘लेव्हल वाढताना बरं वाटतं’ म्हणून. त्यांनी दुसरा गेम खेळावा. लूट गोळा करायला याहून चांगले गेम आहेत.

माझी सवय सांगतो. नवीन खेळ पहिल्या दृश्यापासूनच सुरू करायचा. हेलिकॉप्टर कोसळतं, नोमॅड, म्हणजे आपण खेळतो तो सैनिक, जंगलात एकटा शुद्धीवर येतो, तिथून. बटणं विसरलेल्या हातांनी अर्ध्या कहाणीत उडी मारली की हात आणि डोकं दोन्ही गोंधळतात. सुरुवातीलाच गेम विचारतो, कोणत्या पद्धतीने खेळणार? तिथे घाईत पहिला पर्याय दाबू नका. थांबून वाचा.

पहिल्याच दिवशी सगळं टोकाला नेणं

व्हिडिओ बघून कुणीतरी ‘इमर्सिव्ह’, म्हणजे खऱ्यासारखी कठीण पद्धत निवडतो, वर शत्रूंची पातळी ‘एक्स्ट्रीम’, पडद्यावरचं सगळं बंद. पहिल्या चौकीवर पाच वेळा मरतो आणि गेमला शिव्या घालतो. धीर नाही आणि मान मात्र हवा, त्याला काय करणार! मी गिअर लेव्हल बंद आणि शत्रू ‘ॲडव्हान्स्ड’वर ठेवतो. मोठी बंदूक एकच. मॅगझिन अर्धी असताना बदलली तर उरलेल्या गोळ्या जातात, तो पर्याय चालू. पडद्यावर फक्त शत्रूची नजर पडत असल्याची खूण राहू देतो, बाकी काढतो. पहिला आठवडा एवढं पुरे. पुढचे स्विच गेम स्वतःच मागेल.

आयकॉन ते आयकॉन, हेलिकॉप्टरने

माझा भाचा लालबागला राहतो. बारावीची परीक्षा संपल्यावर त्याला मीच हा गेम दिला. चार दिवसांनी फोन: ‘मामा, बेट मोठं आहे पण रिकामं आहे. सगळीकडे सारखंच.’ विचारलं, कसा फिरतोस? ‘हेलिकॉप्टरने. खूण दिसली की तिथे उतरतो, मारतो, परत उडतो. नाहीतर फास्ट ट्रॅव्हल, मॅपवरून थेट तिथे.’ वरून बघितलं की औरोआ रिकामंच दिसणार. हे बेट कल्पनेतलं आहे, प्रशांत महासागरातलं, आणि त्याची सगळी गंमत जमिनीवर आहे. दलदल, बर्फाळ कडे, स्केल टेक्नॉलॉजी या कंपनीच्या काचेच्या इमारती, आणि मधली ती लांबच लांब जंगलं जिथे चालताना उतारावर पाय घसरतो आणि घसरताना दम संपतो.

शिवाय त्याने ‘गायडेड’ पद्धत लावलेली होती. म्हणजे मिशन घेतलं की थेट जागेवर खूण येते. ‘एक्स्प्लोरेशन’मध्ये तसं होत नाही. तुम्हाला सुगावे मिळतात. अमुक प्रांतात, अमुक तळ्याच्या पूर्वेला, अमुक रस्त्याच्या दक्षिणेला. मग मॅप उघडायचा, तळं शोधायचं, रस्ता शोधायचा, आणि जागा आपणच ठरवायची. सुगावा कमी पडला तर एखाद्या सैनिकाला जिवंत पकडून विचारायचं. मुंबईत पूर्वी पत्ता असाच सांगायचे, अमक्या थिएटरच्या मागे, तमक्या दवाखान्यासमोर, आणि तो शोधता शोधता अख्खी गल्ली ओळखीची व्हायची. या पद्धतीत बेटाचं तसंच होतं.

भाच्याला मी दोन अटी घातल्या. पुढचं मिशन ‘एक्स्प्लोरेशन’मध्ये, आणि हेलिकॉप्टर बंद. पायी किंवा रस्त्यात सापडेल त्या गाडीने. तो कुरकुरला. मग रात्री साडेअकराला फोन आला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. अझ्राएल, म्हणजे टेहळणी करणारा ड्रोन, डोक्यावरून गेला होता. हा उघड्या माळावर होता, त्याने आडवं पडून अंगावर माती ओढून घेतली आणि ड्रोन निघून जाईपर्यंत श्वास रोखून धरला होता. खरा श्वास, स्वतःचा. त्या ड्रोनने बघितलं असतं तर ‘वुल्व्ह्ज’ची, म्हणजे शत्रूच्या खास सैनिकांची, तुकडी अंगावर आली असती. हेलिकॉप्टरमधून फिरणाऱ्याला हा प्रसंग कधी भेटतच नाही. मग तो म्हणतो गेममध्ये काही घडत नाही.

फास्ट ट्रॅव्हल अजिबात वापरू नका असं मी म्हणत नाही. कामावरून अंधेरी-घाटकोपर करून आलेल्या माणसाला रात्री एकच तास मिळतो, हे मलाही कळतं. पण मग त्या तासात एकच मिशन घ्या. दूरवर धुराची रेघ दिसली की तिथे बिव्हॉक असतो, म्हणजे मुक्कामाची जागा. तिथे थांबा, पुढच्या तासाभरासाठी एखादी तयारी निवडा, मग निघा. तीन मिशनं उरकून काहीच आठवत नसेल तर तो वेळ फुकट गेला.

नेटचा विचार न करणं

हा गेम एकट्याने खेळतानाही सतत इंटरनेट मागतो. डिस्क असली तरी. माझ्या मते कंपनीची ही सर्वांत वाईट खोड, आणि ती शेवटपर्यंत सुधारली नाही. जुलैमध्ये आमच्याकडे वायर कुठेतरी भिजते, बिल्डिंगचं नेट जातं आणि तक्रार केली की ‘चोवीस तासांत होईल’ असं तेच उत्तर मिळतं. बेसच्या मधोमध असताना नेट गेलं की गेम सरळ सुरुवातीच्या पडद्यावर आणून टाकतो. पावसाळ्यात मी फोनचा हॉटस्पॉट कन्सोलमध्ये आधीच जोडून ठेवतो, लाइन गेली की लगेच त्यावर जाता येतं. आणि डाउनलोड शुक्रवारी रात्री झोपताना लावायचं. शनिवारी संध्याकाळी घरचे सगळे मोबाइलवर असताना लावलं तर तुम्ही फक्त टक्के मोजत बसाल.

आता काही बारीकसारीक. बेहेमथ, म्हणजे तो रणगाड्याएवढा ड्रोन, त्याच्याशी रायफलने भांडू नका. रॉकेट लाँचर असेल तर लढा, नाहीतर वाट बदला. दुकानात पैसे घालू नका, तिथलं काहीही जिंकायला लागत नाही. एरव्हॉन या आपल्या लपायच्या गुहेत दुसरे खेळाडू फिरताना दिसले तर वैतागू नका. कहाणी म्हणते तुम्ही एकटे आणि समोर दहा जण उभे, हे विसंगत आहे खरं, पण काम उरकून बाहेर पडा. गोलेम बेटावरची रेड, म्हणजे चौघांनी मिळून खेळायची खास मोहीम, विसरून जा. तिथे गिअर लेव्हल अजूनही लागतेच. आणि आजूबाजूच्या गटांची रोजची कामं हातात घेऊन मिशनचा फलक भरू नका. एका वेळी एकच कहाणी पिन करा.

साथीदार डोळे मिटून चालू ठेवणं

फिक्सिट, फ्युरी आणि वासिली परत आले याचा मला आनंदच झाला होता. पण मुख्य कहाणीत मी त्यांना बंद ठेवतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. शत्रूंवर खुणा करायच्या, एक बटण दाबायचं, सगळे एकदम पडतात. असं सुरू झालं की बेस बघायची, वाट शोधायची सवय लागत नाही. शिवाय कहाणीच शत्रूच्या मुलखात एकट्या पडलेल्या माणसाची आहे. कोल वॉकर एकेकाळी नोमॅडच्या बरोबरीने लढलेला, तो आता समोर उभा आहे. ते एकटेपण असलं की वॉकरचे प्रसंग लागतात. वॉकरचं काम जॉन बर्नथलने चांगलं केलंय, त्याला जागा द्या.

खरे मित्र असतील तर गोष्ट वेगळी. चौघे मिळून खेळलात तर हेडफोनवर हळू आवाजात बोला, एकाने ड्रोन सांभाळा. पण त्यातला एक जरी धावत सुटणारा असेल तर रात्र वाया जाते. त्याला आधीच सांगा.

‘सायबरपंक’ व्हावं ही अपेक्षा

‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका आला की सोनीने तो प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढला, आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्याचे सांधेच बदलून टाकले. लोक तीच मोजपट्टी इथे लावतात. ‘ब्रेकपॉइंट’चं तसं झालेलं नाही. बेट तेच आहे. ‘वाइल्डलँड्स’मधली गजबजलेली गावं इथे नाहीत, संवाद अजूनही कोरडे आहेत, शत्रू कधी कधी आंधळ्यासारखा वागतो. बदललं काय, तर गेमने आपल्या हातात स्विच दिले. ते वापरले तर डावपेचांचा फार चांगला गेम मिळतो. नाही वापरले तर २०१९ चाच मिळतो.

‘मदरलँड’ आधी सुरू करणं

नवीन म्हणजे चांगलं, म्हणून लोक थेट ‘ऑपरेशन मदरलँड’ उघडतात. ते चांगलं आहेच. बेटाचे प्रांत एकेक करून सोडवायचे आणि आपण केलेल्या कामाचा परिणाम तिथल्या पहाऱ्यांवर दिसतो. पण बोडार्क हे शत्रू कोण, आउटकास्ट्स हे बंडखोर कोण, हे बेट कुणाच्या ताब्यातून कुणाकडे गेलं, यातलं काहीच माहीत नसेल तर ती नुसती चौक्यांची यादी वाटते. आधी वॉकरची कहाणी संपवा. मग ‘डीप स्टेट’ ही जोडकहाणी. त्यात ‘स्प्लिंटर सेल’ या जुन्या गेमचा नायक सॅम फिशर आहे आणि आवाज मायकल आयर्नसाइडचाच आहे, जुन्या माणसांना तेवढ्यासाठीही खेळावंसं वाटेल. मग ‘रेड पॅट्रिअट’, बोडार्क तिथेच पहिल्यांदा भेटतात. त्यानंतर ‘मदरलँड’ घ्या, आणि तिथे साथीदार चालू करा. प्रांत मोठे आहेत, शत्रू दाट आहेत, आणि एव्हाना बेस वाचायला तुम्ही शिकलेले असता.