प्रोसेसरची नवी पिढी आली म्हणून लगेच पाकीट काढू नका: या चुका टाळा

मार्चअखेरचा धबडगा संपला की नाशिकमध्ये हा प्रश्न फिरायला लागतो: "भाऊ, नवीन जनरेशन आलंय, बदलू का?" विचारणारे साधारण तीन प्रकारचे. अंबड-सातपूर या औद्योगिक वसाहतींतले कॅड-कॅमवाले (कॉम्प्युटरवर सुट्या भागांचं डिझाइन आणि मशीनचे प्रोग्रॅम करणारे), लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारे आणि टॅली-जीएसटीची ऑफिसं. गेमिंगवाली पोरंही विचारतात, पण त्यांचं आधीच ठरलेलं असतं. त्यांना फक्त वडिलांना समजवायला कुणीतरी मोठं माणूस हवं असतं.

तिघांचं काम वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं. चुका मात्र त्याच त्या, आणि बहुतेक चुका दुकानात जायच्या आधीच होऊन बसलेल्या असतात.

मशीन कशावर अडतंय हे न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "कॉम्प्युटर स्लो झालाय" एवढ्यावर प्रोसेसर बदलायचा नसतो. कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा आणि रोज जे काम रखडतं नेमकं तेच करून बघा. रिकाम्या मशीनचे आकडे बघून काही कळत नाही. डिस्क १०० टक्क्यांना चिकटली आहे आणि प्रोसेसर निवांत आहे, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. तिथे एसएसडी (वेगवान नवी डिस्क) टाका, विषय संपला. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. टॅलीचा डेटा दहा वर्षं जुन्या हार्ड डिस्कवर ठेवून वर आय-९ बसवला तरी तो आय-९ डिस्कचीच वाट बघत बसणार.

पण प्रोसेसरचा आकडा वाचताना एक गफलत हमखास होते. समजा तुमचा प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचा आहे, म्हणजे काम करणारे सहा गाभे आणि त्यांवर एका वेळी चालणारे कामाचे बारा धागे. एखाद्या सॉफ्टवेअरचं काम एकाच थ्रेडवर चालत असेल आणि तो थ्रेड जिवाच्या आकांताने पळत असेल, तरी टास्क मॅनेजर दाखवणार जेमतेम ८ टक्के. ऑटोकॅडमधली बरीचशी कामं अशीच आहेत, सॉलिडवर्क्समधलं मॉडेलिंगही. तिथे मालक म्हणतो, "आठच टक्के दिसतंय, म्हणजे प्रोसेसरला काही झालेलं नाही." आणि दुकानदार म्हणतो, "सोळा कोअरचा घ्या, उडेल." दोघंही चुकतात. अशा कामाला एका कोअरचा वेग लागतो, कोअरची संख्या नाही. टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा, म्हणजे एखादाच थ्रेड राबतोय का याचा अंदाज येतो. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर उड्या मारत असल्यामुळे चित्र अगदी स्वच्छ दिसेलच असं नाही. रेंडरिंग, सिम्युलेशन, व्हिडिओ एक्सपोर्ट या कामांत उलट असतं. ती सगळे कोअर वापरतात आणि तिथे सोळा कोअरचे पैसे वसूल होतात.

आणि निकाल देण्याआधी कॅबिनेट उघडा. हे अंबडच्या शॉप फ्लोअरवर जास्तच लागू आहे. तिथली धूळ साधी नसते. कूलंटचं तेलकट धुकं आणि धातूचा बारीक कण मिळून कूलरच्या पात्यांवर जो थर बसतो, तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. त्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच वाढतं, आणि इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात थर्मल थ्रॉटलिंगसमोर "येस" दिसलं, तर आधी कूलर काढून साफ करा आणि नवी थर्मल पेस्ट लावा. "म्हातारा झाला" म्हणून काढायला निघालेला आठव्या पिढीचा आय-७ अशा साफसफाईनंतर आणखी दोन वर्षं आरामात चालू शकतो. एएमडीच्या रायझन ७००० वाल्यांनी मात्र ९५ अंश बघून घाबरू नये. पूर्ण भारात तिथपर्यंत जाण्यासाठीच ते बनवलेले आहेत.

आकडा मोठा म्हणजे प्रोसेसर नवा आणि चांगला, असं धरून चालणं

इंटेलचा आय-९ १०९००के दहा कोअरचा होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी ११९००के आला तो आठ कोअरचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा ९ २८५के आला. वीज कमी खातो, रेंडरिंगमध्ये चांगला आहे, पण कित्येक गेममध्ये आधीच्या १४९००के च्या मागे पडला. १३४०० हा तेराव्या पिढीचा म्हणून विकला गेला, पण त्यातल्या काहींच्या आत बाराव्या पिढीचीच चिप आहे.

लॅपटॉपमध्ये तर विचारूच नका. रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून वाटतं सात हजार मालिका, म्हणजे ताजा माल. आत मात्र झेन २ आहे, २०१९ सालचं आर्किटेक्चर (प्रोसेसरची आतली रचना). या सात हजार मालिकेच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा बघायचा: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. इंटेलकडे "कोअर अल्ट्रा" आणि नुसतं "कोअर" हे दोन वेगळे प्रकार आहेत. कोअर ७ १५०यू म्हणजे रॅप्टर लेक या जुन्या चिपलाच नवी पाटी.

जाहिरातीतल्या टक्क्यांचंही गणित करून बघावं. १५ टक्के वेगवान म्हणजे ६० मिनिटांचा एक्सपोर्ट साधारण ५२ मिनिटांत. दिवसाला सहा एक्सपोर्ट काढणाऱ्या स्टुडिओला हा फरक जाणवेल. दहा सेकंदांत उघडणारी फाइल पावणेनऊ सेकंदांत उघडली, तर ऑफिसात कुणाला पत्ताही लागणार नाही. माझं मत विचाराल तर एका पिढीसाठी बदलूच नये. तीन-चार पिढ्यांचं अंतर पडलं की मगच बोलावं.

व्हिडिओवाल्यांनी "एफ" घेणं

प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त मिळतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड आहेच, म्हणून लोक घेतात. गेमिंगला ठीक. पण हल्ली लग्नाचं शूटिंग बरेच जण १० बिट ४:२:२ एचईव्हीसी या जास्त रंग साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये करतात. तो एडिटिंगच्या टाइमलाइनवर अडखळत नाही तो इंटेलच्या क्विक सिंकमुळे, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या खास सर्किटमुळे. डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून ही सोय प्रोसेसरच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये आहे. एफ घेतला की ती गेली. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत ती आली, त्याआधीच्या कार्डांत नाही. म्हणजे तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० असेल आणि तुम्ही एफवाला प्रोसेसर घेतला, तर वाचवलेल्या पैशांत रोज प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) बनवत बसायचं. सिंहस्थाची कामं घेणाऱ्यांनी हे आत्ताच तपासून ठेवलेलं बरं.

फक्त प्रोसेसरची किंमत धरणं

प्रोसेसर एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. बोर्डावर प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेट पिढीगणिक बदलतं: इंटेलची दहावी-अकरावी पिढी एलजीए १२०० वर, बारावी ते चौदावी एलजीए १७०० वर, कोअर अल्ट्रा २०० एलजीए १८५१ वर. म्हणजे बोर्ड बदलणं आलंच. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर खाचेत बसतो, पण चालत नाही, कारण त्याला बोर्डावर ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप) लागतो. सेकंडहँड घेताना इथे पुष्कळ जण फसतात.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांची मात्र चैन आहे. २०१७ साली रायझन १६०० घेतला असेल, तर बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवरची यादी बघा. बी३५०, बी४५० अशा बऱ्याच बोर्डांना बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स चालतो. रॅम तीच, बोर्ड तोच. सध्या तर हा सौदा आणखी गोड झालाय, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आणि एएमडीचं नवं सॉकेट एएम-५ किंवा कोअर अल्ट्रा २०० वर डीडीआर-५ या नव्या रॅमशिवाय पर्याय नाही. सगळं नव्यानेच घ्यायचं असेल तर एएम-५ ला पुढचा विचार आहे. हे सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालवू, असं एएमडीने जाहीर केलंय.

सातपूरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जुनं सीएनसी मशीन आरएस-२३२ या जुन्या सिरियल केबलवर प्रोग्रॅम घेत असेल, तर नव्या बोर्डाच्या मागे तिच्यासाठीचा कॉम पोर्ट बहुधा नसतो. बोर्डावर त्याचा हेडर (जोडणीच्या पिना) आहे का बघा, नाहीतर चांगल्या चिपचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्या. डुप्लिकेट कन्व्हर्टर प्रोग्रॅम पाठवता पाठवता मध्येच अडकतो आणि जॉब स्क्रॅप. कॅमच्या जुन्या व्हर्जनचा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) विंडोज ११ वर चालतो का, हेही आधी विचारा. नसेल तर जुनं मशीन इंटरनेटविना तसंच ठेवा आणि नवं डिझाइनसाठी वेगळं घ्या.

विंडोज १० वर बसून राहणं

इथे उत्तर उलटं आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी सोय) आणि ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० लागतो. जीएसटी रिटर्न, नेट बँकिंग आणि डिजिटल सही ज्या मशीनवर होते, ते सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं असेल तर ते बदला, वेग पुरेसा वाटत असला तरी. ताजं काहीतरीच हवं असं नाही. बाराव्या पिढीचा आय-३ सुद्धा या कामाला भरपूर आहे.

स्वस्तात मिळाली म्हणून इंटेलची तेरावी-चौदावी पिढी उचलणं

या दोन पिढ्यांच्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे खराबी यायची. गेम अचानक बंद पडणं, व्हिडिओ मेमरी पुरेशी असूनही "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" येणं, झिप फाइल उघडताना एरर येणं ही लक्षणं. इंटेलने ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. हा मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. म्हणून सेकंडहँड घेताना मूळ बिल आणि बॉक्स मागा. नवा घेऊन पहिल्याच दिवशी बायोस अपडेट केला तर घाबरायचं कारण नाही.

सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वस्त माल घ्यायला जाणाऱ्यांनी बॉक्स आणि ट्रे (बॉक्सविना सुटा) यातला फरक विचारावा. ट्रे प्रोसेसरला इंटेल थेट ग्राहकाला वॉरंटी देत नाही, जी असेल ती दुकानदाराची. बिघडला की परत मुंबई. नाशिकमध्येच कॅनडा कॉर्नर किंवा एम. जी. रोडवर हजार रुपये जास्त गेले, तरी जीएसटी बिलावर कारखान्याला इनपुट क्रेडिट मिळतं.

बसवताना आणि बसवल्यावर

बायोस आधी, प्रोसेसर नंतर. नवा प्रोसेसर ओळखत नसलेल्या बोर्डावर स्क्रीन काळीच राहते आणि जुना तोवर विकलेला असतो. बायोस अपडेट यूपीएसवरच करा, आपल्याकडची वीज सांगून जात नाही.

एएम-४ चा कूलर सरळ ओढू नका. मशीन थोडं तापवून, बंद करून, कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत काढा. थेट ओढला की पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की मोबाइलवर नव्हे, कागदावर उतरवून घ्या. प्रोसेसर किंवा बोर्ड बदलला की टीपीएम बदलतो आणि विंडोज ती की मागतं. एएमडीच्या बोर्डावर तर सुरुवातीलाच एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करायचा का, असा प्रश्न येतो. की हाताशी नसेल तर तिथे "वाय" दाबायचं नाही.

एएम-५ वर पहिल्यांदा बटण दाबलं की काही मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाशी वेग जुळवणं, चालू असतं. बिघडलं समजून स्विच बंद केला की ते पुन्हा पहिल्यापासून. चहा पिऊन या. विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ६००० ची डीडीआर-५ आणून ४८०० दिसत असेल, तर बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं राहिलंय. चार पट्ट्या लावल्या असतील तर तो वेग मिळेलच असं नाही. दोन मोठ्या पट्ट्याच घ्या.