उंदरांच्या ईईजीतली खरखर कशी गेली

अपस्माराचे झटके वेळ सांगून येत नाहीत, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, रात्रंदिवस चालू असतो. एप्रिलात सोलापूर तापलं, कूलर लागले आणि स्क्रीनवरची रेघ जाड, केसाळ झाली. स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेचा किती वाटा, याचा आलेख) काढला तर ५० हर्ट्झला सरळ सुळका. मेन्सचीच वीज, दुसरं काय!

‘नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळून टाकणारी चाळणी) लाव नि मोकळा हो,’ असा सल्ला मिळाला. पटला नाही; दुखणं तसंच ठेवून नुसता मलम कशाला? इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ठीक होता. मग मागच्या बाजूचा अर्थिंगचा खड्डा उघडला. कोरडाठाक, मातीला भेगा. मीठ-कोळसा घालून भरपूर पाणी ओतलं. ॲम्प्लिफायर, कॉम्प्युटर आणि पिंजऱ्याभोवतीची तांब्याची जाळी एकाच बिंदूला अर्थ केली, कूलर वेगळ्या लाइनवर टाकला. सुळका जवळजवळ गेला.

उरली ती तालात येणारी, झटक्यासारखी दिसणारी टोकं. व्हिडिओशी वेळ जुळवून पाहिलं, तर उंदीरमहाराज खाद्याची गोळी कुरतडत बसलेले! खऱ्या झटक्यात लहरींची उंची आणि गती बदलत जाते, आणि संपल्यावर रेघ बराच वेळ दबलेली राहते. चघळताना तसं होत नाही.

खड्ड्यात पाणी ओतायचं काम आता शिपाईमामांकडे आहे.