किक्का शोपासून उलटी मोजणी : उमामुसुमेमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या शर्यतींची आखणी

सायगेम्सचा ‘उमामुसुमे प्रिटी डर्बी’ हा खेळ जपानमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, आणि त्याची इंग्रजी आवृत्ती जून २०२५ मध्ये निघाली. खऱ्या शर्यतींत धावलेल्या घोड्यांना यात मुलींचे रूप दिलेले असले, तरी शर्यतींचे वेळापत्रक जपानच्या खऱ्या रेसिंगवर बेतलेले आहे, आणि ते ज्याला पाठ आहे त्याची निम्मी आखणी तिथेच होते. नवखा खेळाडू बहुधा वेग आणि ताकद यांचे आकडे वाढवण्यात गुंतून पडतो आणि शर्यती समोर येतील तशा धावतो. माझ्या मते आधी शेवटची मोठी शर्यत ठरवावी आणि तिथून एकेक पाऊल मागे यावे.

खेळात प्रत्येक महिन्याचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागात एकच गोष्ट करता येते : सराव, विश्रांती, फेरफटका किंवा शर्यत. म्हणजे प्रत्येक शर्यतीची किंमत एका सरावाने मोजावी लागते. अशा एका भागाला मी पाळी म्हणतो. पहिल्या वर्षी जानेवारीपासूनच्या ११ पाळ्यांत शर्यत नसते, आणि जूनच्या उत्तरार्धात पदार्पण होते.

आखणीला बसण्यापूर्वी पल्ल्याची पात्रता, म्हणजे धावपटू कोणत्या पल्ल्यावर किती चांगली धावू शकते, हे पाहावे. १४०० मीटरपर्यंतच्या शर्यती आखूड पल्ल्याच्या, १८०० पर्यंतच्या माइल गटातल्या, २४०० पर्यंतच्या मध्यम आणि त्यापुढच्या लांब पल्ल्याच्या मानल्या जातात. दुसऱ्या वर्षीच्या तीन मोठ्या शर्यतींना मिळून तिहेरी मुकुट म्हणतात : एप्रिलमधील सात्सुकी शो २००० मीटरची, मेअखेरची जपानी डर्बी आपल्या महालक्ष्मीवरच्या इंडियन डर्बीइतकीच, म्हणजे २४०० मीटरची, आणि ऑक्टोबरअखेरची किक्का शो ३००० मीटरची. पहिल्या दोन शर्यती एका गटात आणि तिसरी दुसऱ्याच गटात पडते, हा तिहेरी मुकुटातला खरा सापळा आहे. पूर्वज म्हणून निवडलेल्या धावपटूंकडून वारशाने मिळणारी पात्रता कारकिर्दीच्या सुरुवातीला आणि नंतर दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्येच वाढू शकते. त्यामुळे किक्का शोपूर्वी मधल्या काळात अशी संधी एकदाच येते, आणि तीही नशिबावर अवलंबून असते. लांब पल्ल्याची कमतरता भरून काढायची असेल, तर ती पूर्वज निवडतानाच भरून काढलेली बरी.

आता मोजणी करू. डर्बी आणि किक्का शो यांच्या मध्ये ९ पाळ्या असतात : जूनच्या २, जुलै-ऑगस्टच्या ४, सप्टेंबरच्या २ आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धाची १. जुलै-ऑगस्टच्या चार पाळ्या उन्हाळी शिबिराच्या असून त्या काळात सर्व सराव वरच्या पातळीवर होतात, म्हणून तिथे एकही शर्यत लावू नये आणि शिबिरात थकलेल्या अवस्थेत पोहोचू नये. जूनच्या उत्तरार्धात विश्रांती घेणे हे मी आता नियमासारखे पाळतो. मिहोनो बर्बनला घेऊन खेळताना मी एकदा नेमके हेच केले नाही. जूनमध्ये दोन्ही वेळा सराव घेतला, शिबिरातली पहिली पाळी झोपेत गेली, आणि किक्का शोमध्ये पहिल्यापासून आघाडीवर असलेली ती शेवटच्या सरळ पट्ट्यात दम संपून अक्षरशः चालू लागली. गंमत अशी की, खऱ्या मिहोनो बर्बननेही १९९२ मध्ये सात्सुकी शो आणि डर्बी जिंकली होती आणि किक्का शोमध्ये राइस शॉवरने त्याला मागे टाकले होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात २४०० मीटरची कोबे शिंबुन हाय असते. दम पुरेसा असल्याची खात्री असेल तरच ती धावावी, एरवी त्या पाळीत दमाचा सराव घ्यावा.

वसंतातली गर्दी वेगळ्या प्रकारची असते. पहिल्या वर्षीच्या डिसेंबरअखेरची होपफुल स्टेक्स नाकायामाच्या २००० मीटरवर, म्हणजे सात्सुकी शोच्याच मैदानावर आणि त्याच पल्ल्यावर होते. दोहोंच्या मध्ये ६ पाळ्या मिळतात आणि त्यात मार्चमधील यायोई शो धावावी की नाही, असा प्रश्न पडतो. खऱ्या रेसिंगमध्ये डीप इम्पॅक्टने २००५ मध्ये ती धावून तिहेरी मुकुट मिळवला, तर कॉन्ट्रेल २०२० मध्ये होपफुल स्टेक्सवरून थेट सात्सुकी शोला उतरला आणि त्यानेही तिन्ही शर्यती जिंकल्या. खेळात मी चाहत्यांची संख्या पाहून ठरवतो, कारण मोठ्या शर्यतींच्या प्रवेशासाठी ठरावीक चाहते लागतात. ते जमले असतील तर मार्च सरावाला द्यावा.

मे महिन्यात एनएचके माइल कप पूर्वार्धात आणि डर्बी उत्तरार्धात, अशा लागोपाठ येतात. २००४ मध्ये किंग कामेहामेहाने या दोन्ही जिंकल्या, मात्र शरद ऋतूत एकच शर्यत धावून पायाच्या दुखापतीमुळे त्याला निवृत्त व्हावे लागले. खेळ इतका निष्ठुर नाही. सलग दोन शर्यती सहसा निभावतात. सलग तिसऱ्या शर्यतीपूर्वी मात्र खेळ स्वतःच इशारा देतो, आणि तो धुडकावला तर उत्साह घसरू शकतो किंवा त्वचेवर पुरळ उठू शकते. त्यामुळे डर्बीनंतरची पाळी शर्यतीविना सोडावी.

ओका शो, ओक्स आणि शूका शो या माद्यांच्या तिहेरी मुकुटाच्या मार्गावर १६००, २४०० आणि २००० मीटर असे पल्ले येतात. तिथे दमाची चिंता कमी आणि माइल गटाच्या पात्रतेची जास्त असते. साकुरा बाकुशिन ओसारख्या आखूड पल्ल्याच्या धावपटूचे गणित तर आणखी सोपे आहे. पहिल्या वर्षी त्या पल्ल्याची जी-१, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, शर्यतच नसते, मार्चमधील ताकामात्सुनोमिया किनेन दुसऱ्या वर्षी धावता येत नाही, आणि पहिली खरी परीक्षा सप्टेंबरच्या उत्तरार्धातील १२०० मीटरच्या स्प्रिंटर्स स्टेक्समध्ये होते. तोपर्यंत खेळाने ठरवून दिलेल्या ध्येयापुरत्या आणि चाहत्यांपुरत्या शर्यती धावून बाकीच्या पाळ्या वेग आणि ताकद यांवर खर्च कराव्यात.