कंपनीची गाडी लीजवर घेताय? आधी अकरावी फेरी मोजा

कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागच्या बाजूला माझं टेबल आहे. गाडीवाल्यांचे हिशेब लिहायचे, विम्याच्या तारखा सांभाळायच्या, आरटीओची कागदपत्रं भरायची, हे माझं काम. सातारा-सांगलीकडची पोरं काही वर्षं कंपनीच्या ट्रेलरवर पगारी ड्रायव्हर म्हणून काढतात आणि मग एक दिवस करार घेऊन समोर बसतात. "ताई, कंपनी गाडीच देतेय. डाऊन पेमेंट नाही, सिबिल नको. चार वर्षं लीज भरायची, मग गाडी आपली. सही करू का?"

हप्ता किती, हे मी शेवटी विचारते. आधी विचारते, भाडं कोण ठरवणार?

बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली तर बँकेला फक्त हप्त्याशी मतलब. माल तुम्ही कुणाचाही भरा, एका दलालाचं भाडं पटलं नाही तर दुसऱ्याकडे जा. कंपनीच्या लीजमध्ये मात्र लोड देणारी कंपनी, भाडं ठरवणारी कंपनी आणि त्याच भाड्यातून हप्ता कापून घेणारीही कंपनीच. हप्ता छापील, भाडं मात्र तोंडी. सगळी गोम इथेच आहे.

आता कागद-पेन घ्या. समजा न्हावाशेवाहून भिवंडीच्या गोदामात चाळीस फुटी कंटेनर नेला आणि रिकामा यार्डात आणून सोडला, येऊन-जाऊन १४० किलोमीटर. आकडे मी समजायला घेतेय, तुम्ही तुमचे टाका. भाडं ११,५०० रुपये. त्यातून कंपनीचं ८ टक्के कमिशन गेलं, ९२०. गाडीला साडेतीनचं ॲव्हरेज धरलं तर ४० लिटर डिझेल, ९० रुपयांनी ३,६००. टोल, पार्किंग आणि गेटवरचा चहापाणी खर्च मिळून ७००. टायर, ग्रीसिंग, ब्रेक, युरिया (धूर कमी करायला टाकतात ते द्रव) यांना किलोमीटरमागे ६ रुपये बाजूला ठेवायचेच, ते ८४०. एका फेरीमागे हातात राहिले ५,४४०.

आता महिन्याचा पक्का खर्च. लीज ४८,००० धरा. विमा, नॅशनल परमिट, फिटनेस यांची वर्षाची रक्कम बारा महिन्यांत वाटून ९,००० धरा. झाले ५७,०००. भागिले ५,४४०. उत्तर साडेदहाच्या आसपास येतं. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या साडेदहा फेऱ्या तुम्ही कंपनीसाठी मारता. अकरावी अर्धी तुमची, बारावी पूर्ण तुमची.

चौदा फेऱ्या झाल्या तर १९,१६० उरतात. याच कळंबोलीत पगारी ट्रेलर ड्रायव्हर भत्ता धरून याहून जास्त घरी नेतो, आणि क्लच प्लेट गेली तर त्याला झोप लागते. अठरा फेऱ्या झाल्या तर ४०,९२०, मग मजा आहे. आणि दहाच झाल्या तर २,६०० रुपये अंगावर येतात. ते पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये "मागील बाकी" म्हणून सगळ्यात वर बसतात आणि पावसाळा संपेपर्यंत तिथेच फुगत राहतात.

चौदा की अठरा, हे तुमच्या मेहनतीवर नाही. पोर्टच्या रांगेत किती तास गेले, सीएफएसमधून (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून) कंटेनर कधी सुटला, गोदामात हमाल होते का, यावर आहे. ठाणे-मुंब्रा पट्ट्यात अवजड गाड्यांच्या प्रवेशाच्या वेळा आहेत. गणपतीत गोवा हायवेवर जड गाड्या बंद होतात. त्या दिवसांत भाडं थांबतं, लीज थांबत नाही. म्हणून करारात दोन ओळी मागा. पहिली, महिन्याला किमान इतक्या फेऱ्या देऊ, नाही दिल्या तर त्या प्रमाणात लीज कमी. दुसरी, ४८ तासांत लोड दिला नाही तर बाहेरचं भाडं मारायला मोकळीक. माझ्या अनुभवात पहिली कुणी देत नाही. दुसरी अडून बसलात तर कधीमधी मिळते. तीही देत नसतील तर मी सरळ नको म्हणते. माल पाठवणाऱ्या पार्टीकडून कंपनी हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, वसूल करते ते तुम्हाला मिळणार का, हेही लेखी घ्या.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सरकारने नेमलेल्या समितीने जानेवारी २०२५ मध्ये अशा लीज-खरेदी योजनांवर बंदीच घाला, अशी शिफारस केली.

कराराआधी कंपनीकडे आधीपासून लीजवर असलेल्या एखाद्या ड्रायव्हरला गाठा आणि त्याची तीन महिन्यांची स्टेटमेंट्स मागा. त्यात एक जुलै किंवा ऑगस्टचं हवंच. भाडं, ॲडव्हान्स, डिझेल, फास्टॅग हे रकाने ओळीने येतात, ते बरोबरच असतात. नजर ठेवायची ती खालच्या "शॉर्टेज" (माल कमी पोहोचला म्हणून केलेली कपात) आणि "इतर" या दोन ओळींवर. माझ्यासमोर आलेल्या एका स्टेटमेंटमध्ये "इतर ४,२००" एवढंच होतं. विचारल्यावर कळलं, त्यात आधीच्या ड्रायव्हरच्या वेळचं ई-चलान होतं. चलान गाडीच्या नंबरवर येतं, म्हणून ताबा घेण्याआधी महाट्रॅफिक ॲपवर गाडीची जुनी चलानं बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

त्याच बैठकीत एमपरिवहन ॲपवर आरसी उघडा. मालक म्हणून कंपनीचं नाव असणार, पण हायपोथिकेशनला, म्हणजे गाडी तारण असल्याच्या रकान्यात, कुठल्या बँकेचं नाव आहे? असलं तर कंपनीने स्वतः कर्ज काढलेली गाडी ती तुम्हाला पुढे भाड्याने देतेय. तुम्ही वेळेवर लीज भराल, कंपनीने बँकेचे हप्ते थकवले तर बँकेची माणसं पळस्पे फाट्यावर गाडी अडवतील आणि तुम्ही पावत्या दाखवत उभे राहाल.

अपघाताची बाजू लोक विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे लीजच्या करारावर दिलेल्या गाडीचा "मालक" म्हणजे तिचा ताबा असलेला माणूस. गाडी तुमच्या नावावर नसली तरी नुकसानभरपाईचा दावा तुमच्या दारात येऊ शकतो. म्हणून विमा चालू आहे का, प्रीमियम खरंच भरला का, हे पॉलिसीची प्रत हातात घेऊन बघा. कंपनी विम्याचे पैसे कापते म्हणजे भरतेच, असं धरून चालू नका. ओव्हरलोडचंही तसंच. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. लोखंडी पत्र्याची कॉइल भरायला सांगणारा एसीत बसलेला असतो, काट्यावर तुम्ही सापडता. वजनाची पावती घेतल्याशिवाय बाजारातून हलू नका.

कराबद्दल थोडक्यात. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्यांना आयकरात अंदाजे उत्पन्न दाखवायची सोपी पद्धत आहे. हप्त्याने किंवा हायर-पर्चेसवर घेतलेल्या गाडीचा ताबेदार त्यात मालक धरला जातो, नुसत्या लीजवाल्याबद्दल तसं म्हटलेलं नाही. करार नेमका कुठल्या प्रकारचा आहे ते सीएला दाखवा. टीडीएस कापत असतील तर तो तुमच्या पॅनवर दिसतो का, हे तिमाहीला बघा. आणि "सिबिल नको" याची दुसरी बाजू अशी, की ट्रान्सपोर्ट कंपनीला भरलेली लीज सिबिलमध्ये चढत नाही. चार वर्षं इमानदारीने भरूनही पुढच्या गाडीच्या कर्जाला बँकेसाठी तुम्ही नवखेच.

"मग गाडी आपली" हे वाक्य करारात शोधा. बहुतेक वेळा तिथे "कंपनीच्या धोरणानुसार" असं काहीतरी असतं. शेवटची रक्कम किती, आरसी किती दिवसांत नावावर, परमिटचं काय, हे आकड्यात आणि तारखेत लिहून घ्या. मधेच सोडायचं ठरलं तर डिपॉझिट आणि दरमहा कापलेला मेंटेनन्स फंड परत मिळणार का, हेही. ती ओळ नसेल तर तो पैसा गेला म्हणूनच धरा.

ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी गाडी रिकामी उभी असेल त्या प्रत्येक दिवशी डिस्पॅचवाल्याला व्हॉट्सॲपवर "गाडी खाली आहे, लोड द्या" असा मेसेज टाकावा. फोन करू नका, फोनचा पुरावा राहत नाही. आणि गाडी परत करायची वेळ आली तर यार्डात सोडण्याआधी किलोमीटरचा काटा, बॅटरी, स्टेपनी आणि प्रत्येक टायरवर कोरलेला नंबर यांचे फोटो काढा. ताबा घेताना काढलेले फोटो शेजारी ठेवा आणि त्यांच्या माणसाची सही घेऊनच किल्ली द्या.